साठ गणपती आणि दोन फुगे

आमच्या घरच्या गणपतीला दरवर्षी कुठे ना कुठे लागलेलं असतं. एका वर्षी करंगळी, एका वर्षी मुकुटाची कड, 2019 साली तर मोदकासकट अख्खा पंजा. भक्तीत काही कमी नाही, हे धंद्याचं गणित आहे. मी महाडात गणपतीचा स्टॉल लावतो आणि मूर्ती पेणजवळच्या हमरापूरहून आणतो. भंगलेली मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही, घेऊही नये. पण वाटेत जखमी झालेल्याला टाकायचं कुठे? आमचे अण्णा म्हणतात, "प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती. मातीला माती लावायला कसली हरकत?" मग ते ओला शाडू आणि गोंद घेऊन ओटीवर बसतात, आणि त्यांच्या हातून जो बरा होतो तो आमच्या मखरात बसतो. घरच्या मूर्तीसाठी वेगळा पैसा काढल्याचं मला आठवत नाही.

हे रुग्ण पुरवण्याचं काम माझी पिकअप करते. 2008 चं मॉडेल. पेण ते महाड शंभरेक किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला तेव्हा माझा मुलगा पहिलीत होता. आता तोच स्टिअरिंगवर बसतो आणि डायव्हर्शन कुठे आहे ते मला सांगतो.

पण सगळं खापर खड्ड्यांवर फोडणं बरं नाही. निम्मा दोष पाट्यांचा. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, यू-बोल्टनी आवळलेली. टनाच्या वर माल पडणार हे धरूनच ती केलेली. सिमेंट भरा, कांदा भरा, गाडी पालखीसारखी चालते. शाडूच्या साठ मूर्ती म्हणजे पेंढ्यासकट साडेतीनशे किलो. एवढ्याशा वजनाची पाटे दखलच घेत नाहीत. खड्डा आला की पाटा वाकायच्या ऐवजी गाडीच उडते, आणि गाडीबरोबर साठ देव. वजनदारापुढे वाकायचं आणि हलक्याला झटकून टाकायचं, हा स्वभाव मी आजवर कचेऱ्यांतून पाहिला होता. लोखंडातही असतो हे पिकअपने शिकवलं.

यावर आमच्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे वाळूच्या गोण्या. मीही केला. दहा गोण्या, पाचशे किलो, त्यावर पेंढा, पेंढ्यावर गणपती. चाल सुधारली, अगदी खरं सांगतो. पण माणगावच्या अलीकडे रात्री एका पथकाने हात दाखवला. ताडपत्री वर झाली, पेंढा बाजूला झाला, बॅटरीचा झोत गोणीवर पडला.

"वाळू?"

"हो साहेब."

"पावती?"

"विकायची नाही साहेब. नुसती वजनाला आहे."

"वाळू ब्रासवर जाते. वजनाला कोण घेतं?"

मी हात जोडून सांगितलं, की ही वाळू महाडहून पेणला जाते आणि पेणहून परत महाडला येते. दरवर्षी, हीच वाळू. यावर साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा संशय माझ्या सचोटीवरून निघून माझ्या डोक्यावर येऊन थांबला होता. शेवटी त्यांच्यातल्या एकाने मूर्तींना नमस्कार केला आणि गाडी सुटली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पाचशे किलो वाळू फिरवायला डिझेल लागतं ते कुठल्या खात्यात मांडता?"

त्याच वर्षी हिवाळ्यात दादरहून पुण्याला शिवनेरीने जाण्याचा योग आला. घाटात माझ्या हातातलं वर्तमानपत्र हललं नाही. शेजारच्या गृहस्थांनी तर बाटलीचं टोपण काढून पाणी प्यायलं आणि शर्टावर एक थेंब नाही! आमच्या पिकअपमध्ये पाणी प्यायचं तर अंगावर पंचा घ्यावा लागतो. चौकशी केली तेव्हा कळलं, बसच्या खाली हवेचे फुगे असतात, एअर बलून. तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली.

पिकअपलाही असे फुगे मिळतात. पुण्याहून जोडी आणली. काळ्या रबराचे, एकावर एक ठेवलेल्या दोन मेदूवड्यांसारखे दिसणारे. किंमत सांगत नाही, कारण हा लेख घरात वाचला जातो. उस्तादच्या गॅरेजात गाडी लावली. उस्ताद खाली सरकला, पाच मिनिटं ठोकठाक करून बाहेर आला आणि म्हणाला, "शेठ, आधी पाटे खोलू या. गंजून धरलेत. बुश गेलेत. शॉकअप तर कधीच वारलेत."

मी म्हटलं, "पाटे नंतर. आधी फुगे."

उस्तादने फडक्याला हात पुसले. पैसे देणाऱ्याशी तो वाद घालत नाही, त्याला फक्त पुन्हा यायला लावतो.

फुगे चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये बसतात, जिथे आधी रबरी ठोकळा असतो तिथे. पाटे आपल्या जागी राहतातच, कारण ॲक्सल धरून ठेवण्याचं कामही तेच करतात. दोन्ही फुग्यांना दोन नळ्या आणि दोन वॉल्व्ह लावायचे, टायरच्या वॉल्व्हसारखेच. मी काटकसर म्हणून मध्ये टी जोडून एकच नळी बाहेर काढायला लावली. पंक्चरवाल्याने विचारलं, किती? मी म्हटलं, भर साठ पौंड. कमी कशाला? गाडी मागून चार बोटं वर आली. मुलगा म्हणाला, "बाबा, ही नमस्काराला वाकल्यासारखी दिसते."

त्या खेपेला अकरा मूर्ती जखमी झाल्या. अण्णांची ओटी म्हणजे आठवडाभर दवाखाना.

शिवाय सुकेळी खिंडीत एक वेगळाच प्रकार. वळणावर गाडी डावीकडे कलली आणि सावरायचं सोडून आणखी कलत गेली. एका नळीचा प्रताप. ज्या बाजूवर भार पडतो तिथला फुगा दबतो, दबला की त्यातली हवा नळीतून पळते आणि जिथे तिचं काही काम नाही त्या फुग्यात जाऊन बसते. आमच्या घरातला पैसा नेमका असाच वागतो, म्हणून खूण लगेच पटली.

गणपती बुक करायला आलेल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांना मी हे दुःख सांगितलं. मास्तर खुर्चीत ताठ झाले. "बॉईलचा नियम. 1662. कोंडलेल्या हवेची जागा निम्मी केलीस की दाब दुप्पट. तू ती आधीच ठासून भरलीस, ती आणखी दबेल कशाला? आणि कडक पाटे तसेच ठेवून शेजारी कडक फुगा बसवलास, तर दोघांचा कडकपणा मिळून वाढणार की वजाबाकी होणार?" मी गप्प. "हे फुगे कशासाठी असतात? माल भरल्यावर गाडीचं बूड बसू नये म्हणून. तुझ्या गाडीचं बूड बसलंच कधी होतं?" जाताना त्यांनी दहा टक्के सूट मागितली. नाही कशी म्हणणार?

तरी मी आणखी एक महिना हट्ट धरला असता. पण ब्रेक वेगळा लागतोय असं वाटून उस्तादकडे गेलो, तर त्याने मला गाडीखाली निजवून एक काडी दाखवली. मागच्या ॲक्सलपासून एका वॉल्व्हपर्यंत जाणारी. माल भरला की गाडी बसते, काडी सरकते, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. रिकामी असली की कमी, नाहीतर चाकं जाम होऊन घसरतील. "तुम्ही फुगे फुगवून गाडी उचललीत," उस्ताद म्हणाला, "आता कितीही भरा, तिला वाटतं आपण रिकामेच आहोत. ती ब्रेक देतच नाही मागे." फुग्यांनी पासिंग वाढत नाही हे मला ठाऊक होतं. फुग्यांनी गाडीची फसगत होते हे ठाऊक नव्हतं.

"मग काय करू या?"

"पाटे खोलू."

खोलले. एका बाजूला सात पाटे, असं मी पंधरा वर्षं मानत आलो होतो. प्रत्यक्षात सात नव्हतेच. गंजाने धरून त्यांचा एकच जाडजूड ठोकळा झाला होता. पाटे एकमेकांवरून थोडे सरकले तर कमान वाकणार ना! उस्तादने ते सुटे केले, तारेच्या ब्रशने घासले, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरलं. नवे बुश ठोकले, शॉकअप बदलले. फुग्यांच्या नळ्या वेगवेगळ्या केल्या, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे येतात का ते पाहिलं. दोन्हीकडे फक्त दहा पौंड हवा. पूर्ण रिकामा फुगा ठेवायचा नाही, घडीत चिमटून फाटतो. पाचेक पौंड पोटात हवेतच. ग्रीस, बुश आणि मजुरीचं बिल फुग्यांच्या बिलाच्या निम्मंही झालं नाही. दोन्ही बिलं शेजारी ठेवून बायकोने ती बराच वेळ वाचली. बोलली काहीच नाही, हे वाईट.

यंदाची खेप चतुर्थीच्या आठ दिवस आधी आणली. गाडी उडी मारण्याऐवजी नुसती मान हलवत होती. मुलाने शंभर किलोमीटरमध्ये एकदाही 'आईगं' म्हटलं नाही. घरी आल्यावर पेंढा काढत गेलो. साठच्या साठ. एकाही बोटाला, सोंडेला, उंदराच्या शेपटीलाही धक्का नाही. मी उस्तादला फोन करून पेढे कबूल केले.

हरतालिकेच्या संध्याकाळी बायको मखराला झिरमिळ्या लावत होती. मध्येच तिने विचारलं, "अहो, आपला कुठला?"

मी वही उघडली. साठही नावावर. पैसे आलेले. इतक्या वर्षांत घरासाठी एक जादा आणायची सवयच लागली नव्हती.

"आता हमरापूरला जायचं?"

"रात्रीचं? एका मूर्तीसाठी? रिकामी गाडी उडवत?"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, बॅटरी घेतली आणि स्टॉलच्या फळ्यांपाशी जाऊन एकेका मूर्तीची बोटं मोजायला लागले.