75 इंची साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. इंटरॅक्टिव्ह पॅनेल साहेब (75 इंची),
तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, दक्षिणेकडची भिंत,
जिल्हा परिषद शाळा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : मुलांना आपल्या अंगाला हात लावू देण्याबाबत.

महोदय,

आपण रुजू झालात तो दिवस आम्ही साग्रसंगीत साजरा केला. फीत कापली, श्रीफळ वाढवलं आणि गावच्या मानकऱ्यांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं : "बा देवा म्हाराजा! आज ह्यो नवो फळो आमच्या शाळेत इलो असा. तेका उंदीर-घुशींचो उपद्रव होव नको, कोणाची नदर लागा नको, आणि कोणी काय वाकडा-तिकडा केला असात तर ता तेच्या पायाखाली घाल रे म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत "व्हय म्हाराजा!" पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचा होता. देवानं ऐकलं. लगोलग आपल्याला लाकडी कपाट आलं, कपाटाला कुलूप आलं आणि कुलपावर कागद आला : 'विद्यार्थ्यांनी हात लावू नये.'

आपलं घराणं मोठं. कॅनडातल्या कॅल्गरीच्या एका कंपनीनं 1991 मध्ये आपल्या पूर्वजाला बाजारात आणलं. शेजारच्या भिंतीवरचा काळा फळा त्या मानानं गरीब घरचा, 1987 च्या खडू-फळा मोहिमेच्या गोतावळ्यातला. त्या मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचे होते, त्यांतली शक्यतो एक स्त्री असावी असंही होतं. म्हणजे मीही त्याच गोतावळ्यातली. पुढे 2018 च्या अर्थसंकल्पात काळ्या फळ्याकडून डिजिटल फळ्याकडे जाण्याची घोषणा झाली, 2019 मध्ये 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' आलं. फळा बदलला. शिक्षक दोनच राहिले, वर्ग चार.

कुलुपाला कारण नाही असं मी म्हणणार नाही. इथल्या खाऱ्या हवेत सायकलची चेन बघता बघता तांबूस होते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांची कौलं उडाली आणि लाइट कित्येक दिवस आली नाही. त्यात आपली किंमत लाखाच्या घरात. आपण बिघडलात तर दुरुस्ती कोणत्या अनुदानातून करायची, याचं पत्र अद्याप आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. मुख्याध्यापक काळजी करतात ती उगीच नाही.

म्हणून आपण बाहेर येता ते भेटीच्या दिवशी. केंद्रप्रमुख येणार म्हटलं की कपाट उघडतं, काच पुसली जाते आणि वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला पुढे बोलावलं जातं. ती अक्षर ओढते, चित्राशी जोडते, टाळ्या होतात, फोटो निघतो, फोटो वर जातो. या मुलीला आपली गरज काडीचीही नाही. ती पुस्तक फाटलेलं असलं तरी शिकेल. नोंदवहीत मात्र आपण रोज शिकवता, लाइट नसली तरी.

आपल्या चौकटीत अवरक्त किरणांचे बारीक दिवे आहेत म्हणे. किरणांचं जाळं काचेवरून धावतं आणि ते जिथं अडतं तिथं स्पर्श झाला असं आपण समजता. मग अडवणारं बोट असो वा सदऱ्याची बाही, आपण भेदभाव करत नाही. गेल्या पावसाळ्यात पाहुण्यांसमोर कपाट उघडलं तर आतून पाल निघाली, अपूर्णांकांच्या स्वाध्यायावरून सावकाश चालत गेली आणि तिनं तीन चतुर्थांश हा पर्याय निवडला. उत्तर बरोबर होतं. त्या सत्रात आपल्याला मनसोक्त हात लावलेली आमची विद्यार्थिनी बहुधा तीच.

आता ज्यांच्यासाठी हा अर्ज आहे त्यांच्याविषयी. एका मुलीला काळ्या फळ्यावरचं दिसत नाही, ती फळ्याला नाक लावून उभी राहते आणि मागचे ओरडतात. एकाला ऐकू कमी येतं. चिरेखाणीवर आलेल्या कानडी कुटुंबातल्या एकाला घरी कन्नड, मधल्या सुट्टीत मालवणी आणि पुस्तकात तिसरीच भाषा. आणि तिसरीतला एक. त्याचा बाप रापणीवर जातो. जाळं पाण्यात असतानाच पोरगा सांगतो, तारली आहे की पेडवे. पण ध आणि घ, भ आणि म समोर आले की त्याची मान खाली जाते. चाचणीत 'धर' असेल तिथं तो 'घर' वाचतो, आणि आम्ही लाल शाईनं त्याला उंबऱ्याबाहेर काढतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. पण तिचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाआधी मिळत नाही. म्हणजे पहिली-दुसरीत अडखळणारं मूल कागदोपत्री अडखळतच नाही. ऑनलाइन माहितीत 'स्मार्ट बोर्ड : एक' असं आम्ही अभिमानानं भरतो. त्या मुलाचा रकाना रिकामा जातो.

एके दुपारी मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले होते. मी किल्ली घेतली. ध मोठा केला, इतका की तो त्या मुलाच्या उंचीचा झाला. म्हटलं, हातानं फिरव. त्यानं तळवा टेकवून वरून खाली नेला, पुन्हा नेला, मग शेजारच्या घवर नेला. डोक्यावरच्या रेघेपाशी त्याचा हात थांबला. "बाई, हेचा छप्पर उडाला!" घच्या डोक्यावर रेघ अखंड, धच्या डोक्यावर डावीकडे तुटलेली. मग भ आणला, म आणला. "हेचाव उडाला. हेचा असा." मग त्यानं वर्गातल्या तक्त्यांवरची सगळी छपरं तपासली. माझी वर्षानुवर्षांची 'नीट बघ, नीट बघ' त्या तळव्यापुढे फुकट गेली.

आपण फुगून जाऊ नका. हे काम शाळेमागच्या पुळणीवरही होतं, वाळूत बोटानं अक्षर काढायला विजेचं बिल येत नाही. पण वाळू बोलत नाही. तोच परिच्छेद सतराव्यांदा वाचून दाखवताना माझा आवाज चढतो, आपला चढत नाही. नाक लावणाऱ्या मुलीसाठी काळ्यावर पिवळी, हातभर मोठी अक्षरं मी खडूनं दिवसभर काढू शकत नाही. भारतीय सांकेतिक भाषेत पाठ्यपुस्तकं आणण्याचा करार 2020 मध्ये झाला, त्यातले व्हिडिओ 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवर आहेत. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला हात आणि ओठ मोठे दिसायला हवेत, तर ते माझ्या पाच इंची मोबाइलवर दिसायचे नाहीत. इथं मला आपली गरज आहे, हे लेखी देते.

लंडनच्या माध्यमिक शाळांत आपले भाऊबंद वीस वर्षांपूर्वी घाऊक प्रमाणात बसवले गेले. 2007 मध्ये त्यावरचा अहवाल आला : गणित, इंग्रजी, विज्ञानाच्या गुणांवर पहिल्या वर्षी परिणाम आढळला नाही. त्यात आणखी एक निरीक्षण होतं. अभ्यासात मागे असलेल्या गटांत एकेक मूल फळ्यापाशी जाऊन येईपर्यंत वर्गाचा वेग मंदावतो. तिथं ती अडचण ठरली, कारण पोरं भरपूर.

आमच्याकडे पोरंच नाहीत. 2001 मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. अख्ख्या वाड्या मुंबईला गेल्या, गणपतीला परत येतात. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव राज्यानं मागवले, तेव्हापासून आमचा पट हा आमच्या छातीवरचा धोंडा. पण साहेब, या पटात प्रत्येक मुलाची पाळी रोज येते! रापणीवाल्या पोराला ध कुरवाळायला पाच मिनिटं लागोत की पंधरा, मागे कोणी खोळंबत नाही. लंडनला जे परवडलं नाही ते आमच्या गळक्या वर्गात सहज परवडतं, आणि आम्ही आपल्याला कुलपात ठेवून पालीला शिकवतो.

तरी विनंती की, कुलपावरचा कागद काढावा. काचेवर ओरखडा पडल्यास तो माझ्या सेवापुस्तकात नोंदवावा. भेटीच्या दिवशी हुशार मुलीला बसू द्यावं आणि छपरं मोजणाऱ्याला उठवावं. त्याला वेळ लागेल, पाहुण्यांनी चहा घ्यावा. भिंतीवर आपण फार उंच बसलात, पहिलीच्या मुलांचे हात अर्ध्यावर पोचतात, तेव्हा हातभर खाली यावं. खिळे मी मारते.

आपली नम्र,
उपशिक्षिका (तिसरी-चौथी, आणि मुख्याध्यापक बैठकीला गेले की चारही)

ता. क. : विशेष शिक्षिका येत्या गुरुवारी येणार आहेत. त्यांच्याकडे तालुक्यातल्या बऱ्याच शाळा आहेत आणि त्यांना बाराची एसटी गाठायची असते. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या डाव्या खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली आहे.