पाच दिवसांचा शिकारी

बंदूक मी आयुष्यात एकच जवळून पाहिलेली. बँकेत चौतीस वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात बसलो आणि समोर स्टुलावर आमचा गार्ड, निवृत्त हवालदार, दुनळी मांडीवर आडवी टाकून बसायचा. दुपारी तीननंतर त्याची मान खाली, दुनळी मात्र जागच्या जागी. तिचा बार उडालेला मी कधी ऐकला नाही. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचो, एवढाच आमचा शस्त्रास्त्रांशी व्यवहार.

ह्यूस्टनला लेकीकडे गेलो असताना जावयाच्या ऑफिसातले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणाले, सासऱ्यांना शनिवारी नेमबाजीला आणा. जावयाने मला न विचारता हो म्हणून टाकलं. मग कळलं, पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक हातात धरायची नाही. शिकारीचा परवाना असेल तर मात्र चालतं. म्हणजे ज्याला नुसती कागदाला भोकं पाडायचीत, त्याने आधी प्राणी मारायची परवानगी काढायची. टेक्सासात बाहेरच्या माणसाला पाच दिवसांचा परवाना मिळतो. एरवी त्यासाठी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, पण २ सप्टेंबर १९७१ च्या आधी जन्मलेल्यांना ते माफ. मी १९५८ चा. ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटीच्या तिकिटात सवलत घेतली होती; बंदुकीत मिळालेली ही पहिलीच.

या परवान्यावर काय काय मारता येतं, त्याची यादी होती. हरीण नाही, पण खार चालेल, मगर चालेल. हिने चष्मा लावून ती वाचली.

"अहो, मगर मिळाली तरी आणू नका. फ्रीजरमध्ये जागा नाही."

आणि मागच्या डेकवर सांडगे घालायला निघून गेली.

शनिवारी दाढीवाल्यांनी पेटीतून जे काढलं, त्याला पिस्तूल म्हणावं की बंदूक, ते कळेना. दस्ता पिस्तुलाचा, नळी चौदा इंची आणि वर दुर्बीण. नातवाने आजोबांचा कोट घालावा, तसा प्रकार. थॉम्पसन-सेंटरचं कंटेंडर. वॉरन सेंटर नावाच्या कारागिराने रचलेलं, १९६७ साली बाजारात आलेलं. यात एका वेळी एकच गोळी. चापाभोवतीची कडी मागे ओढली की नळी मान टाकते. मागून काडतूस सरकवायचं, नळी मिटायची, घोडा ओढायचा आणि चाप. पुढच्या गोळीला परत श्रीगणेशा. मला ही व्यवस्था एकदम पसंत पडली. एका वेळी एक व्हाउचर, बाकीच्यांनी रांगेत थांबा. शिवाय घोडा ओढल्यावर मन बदललं आणि तो अलगद खाली सोडला, तर नुसता पुन्हा ओढून भागत नाही. नळी उघडून परत मिटावी लागते. खाडाखोड चालणार नाही, नवा चेक लिहा.

नळ्याही बदलता येतात. एक खीळ काढली की पॉइंट टू-टूची छोटी नळी उतरते आणि त्याच दस्त्यावर हरणासाठीची थर्टी-थर्टी चढते. दुर्बीण दस्त्यावर नव्हे, नळीवर बसवलेली. त्यामुळे एकदा जुळवलेला नेम नळीबरोबरच येतो-जातो.

सुरुवात पॉइंट टू-टूने. मी डोळा दुर्बिणीला चिकटवला. मिट्ट काळोख. दाढीवाले ओरडलेच. पिस्तुलाची दुर्बीण हात लांब करून बघायची असते. जवळ धरली तर दिसत नाही, आणि मोठ्या नळीचा धक्का बसला की ती भुवईवर येऊन आदळते. हात लांब केला आणि सगळं लख्ख. गेली वीस वर्षं मी पेपर असाच वाचतो. चाळिशी लागलेल्यांची कुणीतरी एवढी काळजी केलेली पाहून बरं वाटलं.

ही दुर्बीण दोनपटीपासून सातपटीपर्यंत फिरत होती. दोनपटीवर पंचवीस यार्डांवरचा कागद अगदी गुणी मुलासारखा बसला होता. म्हटलं, मोठा करू, सोपं जाईल. कडं फिरवलं, आणि कागदाच्या अंगात आलं. काळं वर्तुळ डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, खाली बसलं, उठलं आणि मधूनच टुणकन उडालं. वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकली. बाकीचं थांबलं, ती उडी थांबेना. तीही ठरावीक वेळाने.

"हे काय हलतंय?" मी विचारलं.

"तुमचं हृदय," दाढीवाले म्हणाले.

छातीला तारा चिकटवून, पैसे घेऊन डॉक्टर जे कागदावर काढून देतो, ते समोर फुकट चाललं होतं. शाखेत माझ्या हाताची ख्याती होती. नोटांची गड्डी अशी मोजायचो की लोक काउंटरवर बघत उभे राहायचे. तो हात हा! दोनपटीवरही मी एवढाच थरथरत असणार. मला कुणी कळवलं नव्हतं, इतकंच. निमूटपणे कडं परत दोनवर आणलं.

पलीकडे लोखंडी प्राणी मांडले होते. हा खेळ मेक्सिकोतून आलेला: ५० मीटरवर कोंबडा, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की, २०० वर मेंढा. दाढीवाले चक्क उताणे झाले, गुडघे उभे केले आणि नळी पायाला टेकवून नेम धरला. शवासनात माणूस इतका सावध मी पाहिला नव्हता. बार झाला. लांबवर मेंढा पडला आणि तो पडल्यावर मग सावकाश 'ठण्ण' आलं.

मला कोंबडा दिला. थर्टी-थर्टी चढवली. चाप ओढल्याचं आठवतं. त्यानंतर नळी आभाळाकडे आणि माझे दोन्ही खांदे कानांपाशी होते. कोंबडा उभा. दुसऱ्या गोळीला उजवीकडे धूळ उडाली. तिसरी कुठे गेली, याची नोंद नाही.

"बाबा, अगदी जवळून गेली हं," जावई म्हणाला. लग्नाच्या बोलणीत आमच्या घरचे पोहे मस्त झालेत म्हणाला होता, तोच आवाज.

घरी आलो तर ही डेकवर कमरेवर हात ठेवून उभी. निम्मे सांडगे खारींनी नेले होते.

"तुमच्या त्या परवान्यात खार आहे ना? किती दिवस उरलेत?"

"दोन."

"मग बसा इथे."

तिने झाडू हातात दिला. खुर्ची टाकली, झाडू मांडीवर आडवा घेतला आणि बसलो. तीनच्या सुमारास मान खाली गेली असावी. डोळे उघडले तेव्हा परातीच्या काठावर एक खार बसली होती. दोन्ही हातांत सांडगा धरून माझ्याकडे बघत खात होती. हात अजिबात हलत नव्हते तिचे.