लेखी परीक्षेची तयारी, न लिहिता

'दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग)' हे पदनाम एका दमात म्हणता येऊ लागले की तयारी निम्मी झाली. उरलेली निम्मी कशी करावी, एवढेच इथे सांगायचे आहे. ही पद्धत अनेक उमेदवारांनी वापरून पाहिलेली आहे. त्यातले बरेच जण अजूनही तयारीच करत आहेत, यावरून तिचा टिकाऊपणा ध्यानात यावा.

सुरुवात अर्थात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून करावी. तिथे 'बेअर अ‍ॅक्ट' नावाची पातळ, स्वस्त पुस्तके मिळतात. त्यांत नुसता कायदाच असतो, म्हणून त्यांच्यावर फारसा विश्वास टाकू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचे मुल्लांचे भाष्य घ्यावे, फौजदारीसाठी रतनलाल-धीरजलाल घ्यावेत आणि खोलीत शिरणाऱ्याला आधी ते दिसतील व मग तुम्ही दिसाल, अशा बेताने टेबलावर रचावेत. सोबत चार रंगांचे हायलायटर हवेत. व्याख्या पिवळ्या, परंतुके गुलाबी, अपवाद हिरवे, दाखले निळे. महिनाभरात न रंगवलेली ओळच तेवढी उठून दिसू लागते. परीक्षेत तीच येते.

फौजदारी कायद्याच्या बाबतीत उमेदवारांचे नशीब थोर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि अभ्यास न करता अभ्यासात गढून जाण्याची एक नवी सोय झाली: तक्ता. डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे. खून ३०२ वरून १०३ वर आला. फसवणुकीचे ४२० गेले ३१८ मध्ये. नवी न्याय संहिता ३५८ ला संपत असल्याने ४२० हा आकडाच उरला नाही आणि राज कपूरचा १९५५ चा चित्रपट कायद्याच्या दृष्टीने बेवारस झाला. नव्या संहितेतही ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल. हिंदी चित्रपटांतल्या न्यायाधीशांनी याची नोंद घ्यावी. पूर्वी '१४४ लागू झाले' म्हटले की जमाव पांगायचा. नव्या प्रक्रिया संहितेत, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, १४४ हे पोटगीचे कलम आहे. पुरुषांचा जमाव असेल तर अजूनही पांगेल.

एवढ्यावर जुनी पुस्तके रद्दीत घालू नयेत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते, म्हणजे तक्ता दोन्ही बाजूंनी पाठ हवा. तक्ता सुंदर झाला की त्याला लॅमिनेशन करावे. चोरी म्हणजे काय, हे त्यात नसते.

ते दाखल्यांत असते, आणि म्हणून दाखले वाचणे कटाक्षाने टाळावे. १८६० च्या दंड संहितेत ए आणि झेड अशी दोन माणसे राहतात. या झेडइतका दुर्दैवी माणूस भारतीय वाङ्मयात दुसरा नसेल. तो पालखीत बसला की ए दांडा धरून पालखी अडवतो. नावेत बसला की ए नावेचा दोर सोडतो. त्याला वाघ उचलून नेतो, ए त्याला वाचवण्यासाठी वाघावर गोळी झाडतो आणि ती झेडलाच लागते. वर कायदा म्हणतो की ए ने सद्भावनेने, झेडच्या भल्यासाठी केले, सबब गुन्हा नाही. झेडच्या घरच्यांचे म्हणणे कुठेही नोंदवलेले नाही.

त्याचा कुत्राही सुटत नाही. ए खिशात आमिष ठेवतो, कुत्रा मागे चालू लागतो आणि त्याने पाऊल टाकले त्याच क्षणी चोरी पूर्ण होते. अप्रामाणिक हेतू, जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नसणे आणि वस्तू हलवणे, हे सगळे त्या एका कुत्र्याने चार पायांवर तोलून धरले आहे. हे ज्याला एकदा कळले त्याला चोरीवरचा कुठलाही प्रश्न सुटतो, कारण पेपरात झेडचा सुरेश होतो, कुत्र्याची सायकल होते, बाकी काही बदलत नाही. पण मग तक्त्याचे काय करायचे?

दिवाणी बाजूकडे वळू. अभ्यासाचे वेळापत्रक दिवाणी दाव्यासारखेच चालवावे. सोमवारी करार कायदा बोर्डावर घ्यावा. मेसमध्ये गावाकडचा मित्र भेटला की तहकुबी. मंगळवारी अभ्यासिकेतला पंखा बंद, तहकुबी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देता येत नाही, हे खरे. पण इथे वादी तुम्ही, प्रतिवादी तुम्ही, म्हणजे प्रत्येकी तीन झाल्या. आणि न्यायाधीशही तुम्हीच असल्याने तेच रजेवर गेले तर ती कुणाच्याच खात्यावर पडत नाही. स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व नेमणूक होईपर्यंत बाजूला ठेवावे. आदेश २१, म्हणजे दरखास्तीचा, सगळ्यांत लांब आहे. तो 'शेवटी बघू' या सदरात टाकावा. हुकूमनामा मिळूनही वादीच्या हाती काही का लागत नाही हे त्यातूनच समजते, पण इतक्या लवकर निराश कशाला व्हायचे?

घरी लग्नाचा विषय निघण्याआधीच कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करून ठेवावे. ते ९० दिवस टिकते, मुदत संपली की नवे. गावी गेल्यावर भावकीतले एक काका सातबारा घेऊन येतीलच. त्यांना 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असे सांगावे, नसले तरी.

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे तसे प्रमाणपत्र चालते, पण त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दुजोरा लागतो. कच्च्या उमेदवारांनी या निकालावर नाके मुरडली. मुरलेल्यांनी पेढे वाटले. तयारी तीन वर्षे पुढे ढकलायला यापेक्षा वजनदार कारण कोण देणार? मात्र कोर्टात जाताना सावध असावे. तिथे मागच्या बाकावर बसूनही काही गोष्टी कानावर पडतात. लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत का द्यायची, मुद्दे काढताना चूक झाली तर पुढचा सगळा पुरावा कसा भरकटतो, उलटतपासात एक प्रश्न जास्त विचारला की वकिलाचा चेहरा कसा होतो, हे पुस्तक न उघडता कळू लागते. असे होत आहे असे वाटले तर कँटीनमध्ये जाऊन बसावे.

आता मुख्य परीक्षा. दोन पेपर, एक दिवाणीचा, एक फौजदारीचा, प्रत्येकी १०० गुण आणि तीन तास. इथे पद्धतीचा गाभा येतो: परीक्षेपूर्वी एकही उत्तर पूर्ण लिहून पाहू नये. वाचले म्हणजे कळले, कळले म्हणजे आठवेल, आठवले म्हणजे लिहिता येईल, या साखळीवर संपूर्ण श्रद्धा ठेवावी. खटल्यांची नावे पाठ करावीत, निकाल काय लागला ते नंतर. 'मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३' हे नाव भारदस्त आहे. धर्मोदास अल्पवयीन होता आणि त्याने करून दिलेले गहाणखत प्रिव्ही कौन्सिलने शून्यवत ठरवले. पण नाव भागीदारीच्या उत्तरातही शोभून दिसते.

आणि उदाहरणाच्या प्रश्नाला शेवटी 'दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे' असे लिहावे. सभ्य वाटते, कुणी दुखावत नाही. ज्या नोकरीसाठी ही परीक्षा आहे तिथे मात्र हे एकच वाक्य चालत नाही. आदेश २०, नियम ५ प्रमाणे प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष द्यावा लागतो आणि त्याची कारणेही द्यावी लागतात. परीक्षक तेच शोधत असतो: या माणसाला ठरवता येते का, आणि का ठरवले ते चार ओळींत सांगता येते का. हे हायलायटरने जमत नाही. कोरा कागद, एक जुना पेपर आणि घड्याळ एवढेच त्याला लागते, आणि नेमके तेवढेच आपल्या टेबलावर नसते.

तेव्हा पेपर सोडवून बघायची तारीख शक्य तितकी पुढची घ्या. फक्त परीक्षागृहात आदेश १७ लागू नाही. शेवटची घंटा झाली की उत्तरपत्रिका काढून घेतात.