आधी काच, मग अक्कल

चंडीगडचं सचिवालय वास्तुकार ल कॉर्बुझिएने 1950च्या दशकात उभारलं, तेही सेन्सरविना. त्याने दर्शनी भागाला काँक्रीटच्या खोल चौकटी दिल्या. उन्हाळ्यातला डोक्यावरचा सूर्य बाहेर अडवायचा, हिवाळ्यातला तिरपा आत येऊ द्यायचा, असा हिशेब. (तापलेलं काँक्रीट संध्याकाळी उष्णता परत करतं, ही त्यातली खोट. युनेस्कोने 2016 साली वारसा म्हणून नाव नोंदवलं म्हणून ती झाकली जात नाही.)

आजची व्यापारी इमारत मात्र ‘स्मार्ट’. आधी चहूबाजूंनी काच लावायची. ऊन आत घुसलं की मोटारीवरचे पडदे आपोआप खाली. मग अंधार, म्हणून भर दुपारी दिवे आपोआप सुरू. काच आणि दिवे मिळून तापवलेली हवा गार करायला एसी. या सगळ्यांवर नजर ठेवायला संगणक, आणि त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत: इतकी वीज वाचली!

त्याच चंडीगडमध्ये, सेक्टर 33 मध्ये, पंजाबच्या ऊर्जा विकास संस्थेची इमारत आहे. वारा आत ओढणारा मनोरा, छतातच बसवलेले सौरपट्टे.

नव्या टॉवरचा नकाशा मंजुरीला धाडण्यापूर्वी बिल्डरसाहेबांनी तिथे एक चक्कर मारावी. शक्यतो मे महिन्यात, दुपारी.