टिकेटाचा फेरफार

टिकेट पूर्ण झालं की नाही, हे तुम्ही कोणाला विचारता त्यावर ठरतं. डेव्हलपरला विचारा, त्याच्या लॅपटॉपवर ते कालच झालंय. टेस्टरच्या मते स्टेजिंगवर झालंय. मॅनेजरांना ते 'डन'च्या रकान्यात सरकलेलं दिसलं की पुरतं. आणि ग्राहकाचा फोन येतो, "अहो, इकडे अजून तसंच दिसतंय!" मग सगळे मिळून एकमेकांना विचारू लागतात: हे नक्की कोणत्या बिल्डमध्ये गेलंय?

यावर केलेली सोय तशी साधी आहे. कमिट करताना संदेशाच्या सुरुवातीला टिकेटाचा नंबर टाकायचा, बस. गिट त्या कमिटला चाळीस अक्षरी नाव देतं, जेन्किन्स मागच्या बिल्डनंतर आलेले कमिट गोळा करून नवा बिल्ड बांधतं, आणि नीट जोडणी केलेली असेल तर जिरा टिकेटाच्या पानावरच दाखवतं: हे कमिट, हा बिल्ड, अमुक वाजता अमुक ठिकाणी डिप्लॉय. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो, तसंच हे. नाव वारसाने चढलं की खरेदीने, ते सातबारा सांगत बसत नाही. तो नंबर घेऊन फेरफाराची वही उघडावी लागते. जुनं नाव खोडतही नाहीत, कंसात टाकतात. गिटही सहसा जुनं पुसत नाही. (फोर्स पुश करणारे महाभाग सोडून. तसे हात सगळ्याच कचेऱ्यांत असतात.)

फरक एवढाच, की तलाठी निदान वाचून नोंद घेतो. यंत्राला नंबराचा फक्त आकार कळतो. मोठी रोमन अक्षरं, मधे आडवी रेघ, पुढे आकडा, असं काहीही त्याला टिकेट वाटू शकतं. कोणी निरागसपणे 'यूटीएफ-८ ची भानगड मिटवली' असं लिहावं, तर हे बिचारं यूटीएफ नावाच्या प्रकल्पातलं आठवं टिकेट शोधायला निघतं. गिटहबला तर नकारही कळत नाही. बदलाच्या वर्णनात 'फिक्स' आणि त्याला लागून टिकेटाचा नंबर दिसला, की कोड मुख्य शाखेत मिसळताच ते टिकेट बंद करून मोकळं होतं. 'याने ४२ फिक्स होत नाही' असं इंग्रजीत प्रामाणिकपणे कबूल करणाऱ्याचंही ४२ नंबरचं टिकेट बंद! बरं, मुख्य शाखेत मिसळलेला कोड ग्राहकापर्यंत पोचला, असंही नाही. तो कदाचित पुढच्या गुरुवारी जाईल. शुक्रवारी तर शहाणी माणसं काही चढवतच नाहीत.

कुठे काय चढलंय हे ठाऊक नसलं तर काय होतं, ते अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली पेढीने १ ऑगस्ट २०१२ रोजी दाखवून दिलं. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. त्या आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड झोपला होता, तो बाजार उघडताच जागा झाला आणि सुसाट ऑर्डरी टाकत सुटला. मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या भागाची. घाबरलेल्या मंडळींना नवा कोडच दोषी वाटला, म्हणून त्यांनी तो नीट चालणाऱ्या सातही सर्व्हरवरून काढून टाकला. आता आठही वेडे! पाऊण तासात चाळीस कोटी डॉलरहून जास्त गेले. विशेष म्हणजे बाजार उघडण्याआधी यंत्राने आपल्या परीने ९७ ईमेल पाठवून कुरकुर केली होती. ईमेलच ते, कोण वाचतंय.

असल्या गोष्टी ऐकून कंपन्या कडक होतात आणि नियम लावतात: उघड्या टिकेटाच्या नंबराशिवाय कमिट स्वीकारलंच जाणार नाही. नियम चांगला आहे, माझं मत त्याच्याच बाजूने आहे. रात्री दोनला सर्व्हर बसलेला असताना 'शेवटी काय बदललं होतं?' याचं उत्तर नंबराखेरीज कोणीच धड देत नाही. ज्याने बदललं, तो तर मुळीच नाही. पण एखादं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करायला कोण टिकेट काढणार, त्याला अंदाज देणार, मंजुरी घेणार? म्हणून प्रत्येक टीमकडे 'किरकोळ कामे' असं एक टिकेट असतं. कोणीतरी कधीकाळी काढलेलं, कधीच बंद न होणारं. दर स्प्रिंटला ते पुढे ढकललं जातं. त्याच्या पानावर एवढे कमिट आणि बिल्ड लटकलेले असतात की पान उघडायलाच वेळ लागतो. ऑडिटवाले येतात, सगळे कमिट टिकेटांना जोडलेले बघतात आणि समाधानाने चहा पितात. एखादा उत्साही नवा मॅनेजर साफसफाई म्हणून ते बंद करतो, आणि दुपारपर्यंत कोणाचंच कमिट जात नाही म्हणून ते मुकाट्याने पुन्हा उघडतो. त्या टिकेटाचा नंबर कुठल्याही दस्तऐवजात लिहिलेला नसतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र आणि वायफायचा पासवर्ड कंपनी देते. हा नंबर मात्र शेजारचा देतो, खुर्ची जरा जवळ ओढून.