पॉइंट टू टू आणि सबबींचा ऱ्हास

निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या किंवा तो नुकताच ओलांडलेल्या पनवेलकर गृहस्थाला जडणाऱ्या छंदांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिला वडाळे तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारत इतरांच्या साखरेची चौकशी करण्याचा, दुसरा गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर निवडून जाऊन पाण्याच्या टाकीसंबंधी दीर्घ पत्रव्यवहार करण्याचा, आणि तिसरा हार्मोनियम विकत आणून ती कपाटावर ठेवण्याचा. या तिन्हींत न बसणारा चौथा वर्ग संख्येने अल्प असला तरी अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असा आहे, कारण ज्या वयात घरचे लोक भाजीची पिशवीसुद्धा हातातून काढून घेतात, त्या वयात या वर्गातील माणूस किलोभर वजनाचे पिस्तूल एका हाताने, कोपर न वाकवता समोर धरून उभा राहतो आणि त्या अवस्थेला मजा असे नाव देतो.

या माणसाला नवशिक्या म्हणणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. त्याच्या पूर्वायुष्यात डोकावले असता बहुधा एनसीसीचा गणवेश सापडतो. १९४८च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेने महाराष्ट्रातील महाविद्यालयीन तरुणांच्या काही पिढ्यांना दोन गोष्टी दिल्या: परेडनंतरचा अल्पोपाहार आणि ‘पॉइंट टू टू’ रायफल. शिबिरात सतरंजीवर पालथे पडून, शेजारी उकिडव्या बसलेल्या उस्तादांच्या हिंदीतील सूचना झेलत झाडलेल्या त्या मोजक्या गोळ्या पुढे नोकरी, गृहकर्ज आणि मुलांच्या प्रवेश परीक्षांखाली गाडल्या गेल्या. उत्तरवयात ज्याचा पुन्हा शोध लागतो तो आनंद हाच असतो. फक्त आता रायफलीच्या जागी पिस्तूल असते आणि पालथे पडण्याऐवजी उभे राहायचे असते. पालथे पडणे तसे अजूनही शक्य असते, पण त्यानंतर उठण्याची शाश्वती देता येत नाही.

पॉइंट टू टूचे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे असते, म्हणून येथे या संज्ञेचा खुलासा करणे इष्ट होय. काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्यात दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी, इतके सर्वांना ठाऊक असते. प्रश्न असतो तो दारू पेटवण्याचा. मोठ्या काडतुसांत त्यासाठी बुडाच्या मध्यभागी एक छोटी टोपी बसवलेली असते आणि घोड्याने सुटलेली पिन तिच्यावर आदळते. रिमफायर काडतुसात ही टोपीच नसते. बुडाची कड, म्हणजे रिम, आतून पोकळ ठेवून तिच्यात आघाताने पेट घेणारे मिश्रण भरलेले असते आणि पिन ती कड चेपते. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, पितळ पातळ म्हणून आत फार दाब निर्माण होऊ देता येत नाही, दाब बेताचा म्हणून काडतूस लहान, आणि काडतूस लहान म्हणून हाताला बसणारा झटका नाममात्र, आवाज लवंगी फटाक्याच्या घराण्यातला आणि खर्च निवृत्तिवेतनात बसण्याची आशा निर्माण करणारा, अशी ही कार्यकारणाची साखळी आहे. गोळीचा व्यास ०.२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर, आणि वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे रिकामी केस कुठल्याही कामाची उरत नाही. तरीही चौथ्या वर्गातील गृहस्थ ती खिशात घालून घरी आणतो, तिच्या कडेवरचा नखाएवढाही नसलेला चौकोनी खळगा नातवंडांना दाखवतो आणि ती वॉशिंग मशीनमध्ये सापडेपर्यंत विसरून जातो.

या काडतुसाचा उगमही पराक्रमात नसून करमणुकीत आहे. १८४५ साली पॅरिसच्या लुई निकोला फ्लोबेर याने ते प्रथम सिद्ध केले ते श्रीमंतांना दिवाणखान्यात बसल्या बसल्या नेमबाजी करता यावी म्हणून. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यासाठी छोटे रिव्हॉल्व्हर बनवले आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने आज जगभर चालणारे ‘लाँग रायफल’ हे रूप बाजारात आणले. योगायोग असा की फ्लोबेरच्या त्याच १८४५ सालच्या ४ नोव्हेंबरला पनवेलपासून जवळच असलेल्या शिरढोण येथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील नोकरी सोडून हातात शस्त्र घेणाऱ्या या आद्य क्रांतिकारकाने १८७९ साली केलेला उठाव इतिहासात नमूद आहे. हिशेब खात्यातूनच निवृत्त झालेल्या एखाद्या आधुनिक पनवेलकराला तेवढ्या साम्यावरून अंगात काही संचारल्यासारखे वाटले, तर तो दोष इतिहासाचा मानता येणार नाही. फडक्यांपुढे साम्राज्य उभे होते. याच्यापुढे पुठ्ठा उभा असतो, आणि पुठ्ठा अधिक वेळा जिंकतो.

पनवेलला या बाबतीत दुसराही अधिकार आहे. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी करणाऱ्या आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी आपला ‘लक्ष्य’ हा क्लब पनवेललाच उभा केला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक. अशा गावात नेमबाजी शिकायला निघालेल्या साठीच्या माणसाची अडचण इतकीच की शेजारच्या लेनमध्ये उभी असलेली बारा वर्षांची मुलगी त्याला ‘काका’ म्हणते, त्याचे कार्ड पाहते आणि पुढे सौजन्याने काहीच बोलत नाही. येथील आरंभ बहुधा दहा मीटरवरच्या हवेच्या पिस्तुलाने होतो. पॉइंट टू टूला २५ मीटरची रेंज लागते, आणि त्यासाठी वरळी व बालेवाडी ही नावे आदराने घेतली जातात. पनवेल या दोहोंच्या मध्ये असल्यामुळे दोन्हींकडे उशिरा पोहोचण्याची सोय आहे.

तथापि रेंजच्या आधी कायदा येतो. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांनुसार स्वतःचे पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो आणि अर्जात कारण द्यावे लागते. स्वसंरक्षण लिहावे तर गेल्या तीस वर्षांत अर्जदारावर सोसायटीच्या वार्षिक सभेखेरीज कोठेही हल्ला झालेला नसतो. पीकसंरक्षण लिहावे तर शेत सिडकोच्या भूसंपादनात केव्हाच गेलेले असते. उरते ते क्रीडा हे कारण, आणि ते लिहिताना आयुष्यात प्रथमच सरकारदरबारी आपली नोंद क्रीडापटू अशी होत असल्याच्या जाणिवेने त्याचा ऊर भरून येतो. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, प्रशिक्षणाचा दाखला, तिजोरी कोठे ठेवणार याची विचारणा, या सर्वांतून तो आनंदाने जातो. घरातली सुनावणी त्याहून कठीण असते. तेथे कारण विचारले जात नाही. फक्त हार्मोनियमकडे बोट दाखवले जाते.

आता शीर्षकातील सबबींच्या सिद्धांताकडे वळता येईल. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचे बौद्धिक भांडवल प्रामुख्याने सबबींत गुंतलेले असते आणि नाचता येईना अंगण वाकडे ही त्याच्यावरची टीका नसून कार्यपद्धतीचे वर्णन होय. लोकल उशिरा आली, सर्व्हर बंद होता, साहेब नवीन होते, कळंबोलीला ट्रॅफिक होता, या चौकटीत साधारण पस्तीस वर्षांची नोकरी निर्वेधपणे पार पडते. मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद नळीचे, पिस्तूल या परंपरेला पोषक असते. त्याचा झटका मनगट हादरवतो, त्याचा आवाज पापणी मिटवतो, आणि गोळी भलतीकडे गेली की दोष शस्त्राच्या रांगडेपणावर ढकलता येतो. पॉइंट टू टू ही सोय काढून घेते. ते दुखवत नाही, दचकवत नाही, रुसत नाही. चांगले मॅच पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळून झाडले तर गोळ्या एकाच भोकाच्या आसपास पडत राहतात. म्हणजे पुठ्ठ्यावर जे काही विखुरलेले दिसते ते सर्वस्वी धरणाऱ्याचे कर्तृत्व असते, आणि ते कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

प्रारंभी अर्थातच प्रयत्न होतो. पहिली सबब डोळ्यांची, आणि ती अगदीच पोकळ नाही. पिस्तुलावर मागे खाच असलेली बॅकसाईट आणि पुढे उभी फोरसाईट असते, आणि या दोहोंपलीकडे लक्ष्य असते. मानवी डोळा या तिघांपैकी एकावरच स्थिर होऊ शकतो, आणि प्रशिक्षक सांगतात की तो फोरसाईटवर ठेवावा, लक्ष्य धूसर राहिले तरी चालेल. चाळीशी लागलेल्या माणसाच्या चष्म्यात खालचा भाग वर्तमानपत्राचा आणि वरचा भाग इंडिकेटरचा असतो. फोरसाईट नेमकी या दोहोंच्या मधल्या प्रदेशात, हाताच्या लांबीवर येते. चष्म्याच्या दुकानात जाऊन ‘हात सरळ केल्यावर बोटाच्या टोकाला जे असेल ते दिसायला हवे’ अशी मागणी केली असता दुकानदार प्रथम गिऱ्हाइकाकडे, मग त्याच्या पत्नीकडे पाहतो. तरीही तसा नंबर काढता येतो, तसे भिंग मिळते, दुसऱ्या डोळ्यापुढे पट्टी लावता येते, आणि पहिली सबब निकालात निघते.

दुसरी सबब गणिताची. २५ मीटर पिस्तुलाच्या नियमांनुसार दोन साईटमधील अंतर २२ सेंटीमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही; त्यामुळे फोरसाईट खाचेत अवघा एक मिलिमीटर सरकली तर पुठ्ठ्यावर गोळी सुमारे अकरा सेंटीमीटर भरकटते. संथ फेरीच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ पाच सेंटीमीटर व्यासाचे असल्याने दहाऐवजी सहा मिळतात. एका मिलिमीटरला चार गुण हा दर कोणाही हिशेबनीसाला अन्यायकारक वाटावा असाच आहे, परंतु त्यावर अपील करण्यासाठी अधिकारी नेमलेला नाही.

एका गोळीचा तपशील पाहिला म्हणजे हे स्पष्ट होईल. गृहस्थ काटकोनात उभा राहतो, डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवतो, कारण मोकळा सोडल्यास तो संभाषण करू लागतो. पिस्तूल लक्ष्याच्या वर उचलून श्वास अर्धा सोडत ते काळ्या वर्तुळाखालच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरवले जाते. तेथे ते थांबत नाही. ते डुलते, आणि ते डुलणारच हे मान्य करून ट्रिगरवरचा दाब वाढवत न्यायचा असतो. नियमाने किमान एक किलो असलेला हा दाब बोटाने हळूहळू भरायचा, पण घोडा नेमका केव्हा सुटेल याचा निर्णय आपण घ्यायचा नाही, अशी अट आहे. आयुष्यभर ‘आत्ता!’ असे म्हणून फायली, कर्मचारी आणि जावई हलवण्याची सवय असलेल्या माणसाला ही अट सर्वाधिक जड जाते. डुलणारी साईट मध्यावर येताच तो ‘आत्ता’ म्हणून बोट ओढतो आणि गोळी पाचात जाते. एखाद्या वेळी मात्र तो ‘आत्ता’ म्हणायला विसरतो. बार आपसूक होतो, केस उजवीकडे टिणकन पडते आणि दुर्बिणीत दहाच्या मधोमध स्वच्छ भोक दिसते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही बढतीच्या दिवशी घेतलेल्या छायाचित्रात आढळत नाही.

तिसरी आणि सर्वांत प्रतिष्ठित सबब वयाची. पण या खेळाच्या इतिहासाने ती आधीच फेटाळलेली आहे. स्वीडनच्या ऑस्कर स्वान याने १९२० साली अँटवर्पला वयाच्या ७२व्या वर्षी रायफलीत रौप्यपदक मिळवले. १९८८ साली सोलला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणाऱ्या निनो सालुक्वाद्झे २०२४ साली पॅरिसला, पंचावन्नाव्या वर्षी, दहाव्या ऑलिंपिकमध्ये उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशातील जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी नातीला रेंजवर सोडायला म्हणून जाऊन साठीनंतर पिस्तूल उचलले. याच पॉइंट टू टू पिस्तुलाने २०१८च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवणारी कोल्हापूरची राही सरनोबत तरुण होती, हा युक्तिवाद करता येईल. पण देशातील रायफल संघटनेची १९५१ साली स्थापना करणारे गणेश वासुदेव मावळंकर साठी ओलांडलेले होते. ज्यांच्या नावाने आजही अखिल भारतीय स्पर्धा भरते ते दादासाहेब लोकसभेचे पहिले अध्यक्ष. सभागृहात माणसे गप्प बसवण्याचे दिवसभराचे काम पाहता, जेथे सर्वजण आपणहून गप्प उभे राहतात अशा जागेची त्यांना ओढ वाटली असल्यास नवल नाही.

सबबी अशा एकेक करून गळाल्यावर दुःख व्हावे, ही सामान्य अपेक्षा असते. प्रत्यक्षात तेथूनच मजा सुरू होते, आणि या छंदाचे सार त्यातच आहे. ज्याला कोणालाही काही पटवून द्यायचे नाही, ज्याचा सहा हा सहाच आहे आणि दहा हा दहाच, असा माणूस हलका होतो. तरुणपणी हे सुख परवडत नाही, कारण तेव्हा सहा गुणांवर बढती अडकलेली असते. लहान बोअर हे त्या दृष्टीने उत्तरवयाचेच शस्त्र आहे.

या शुद्धीकरणाचा परिणाम रेंजच्या फाटकाबाहेर टिकतो काय, असा प्रश्न काही कुटुंबीयांनी उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. पिस्तूल रिकामे करून, त्यात सुरक्षा दोरी घालून, पेटी बंद करून बाहेर पडलेला गृहस्थ घरी फोन लावतो, आणि दूध आणायचे का राहिले, या पृच्छेवर कळंबोलीच्या ट्रॅफिकचे सविस्तर वर्णन करतो. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. सत्याचा दीड तास आठवड्याला पुरेसा होतो. उरलेल्या वेळात संसार करायचा असतो.