स्वस्तातला समुद्र

डिसेंबरात युरोपची सहल स्वस्त का मिळते, हे इटलीतल्या चिंक्वे तेर्रेला पोचलं की समजतं. कड्यावरची ही पाच देखणी गावं १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. थंडीत मात्र बऱ्याच खानावळींना कुलूप आणि गावं जोडणाऱ्या बोटी बंद. समुद्र तेवढा चालू असतो. त्यात पाय बुडवायची हिंमत फक्त बाबांची, तीही फोटोपुरती. कोर्निलियाला स्टेशनापासून वर गावात जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. आजींचा शेरा: "यापेक्षा सप्तशृंगी बरी, वर गेल्यावर देवी तरी भेटते."

पाचच्या आत सूर्य बुडतो. तेव्हाच मानारोलाच्या डोंगरावर ख्रिस्तजन्माचा देखावा उजळतो: रेल्वेतल्या एका माणसानं भंगारातून वर्षानुवर्षं घडवलेल्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या आकृत्या. थंडीत इथं यायचं खरं कारण हेच. पण त्या घटकेला अख्खं कुटुंब खोलीत हीटरला चिकटून, इलेक्ट्रिक किटलीत नूडल्स शिजवत, दुपारचे फोटो ग्रुपवर टाकत असतं.

जाणारच असाल तर देखावा सुरू झाल्यावर, म्हणजे ८ डिसेंबरनंतर जा, आणि कृपा करून संध्याकाळी खोलीबाहेर पडा.